चोवीस गाण्यांची किंमत

या अंकासाठी निवडलेली तिन्ही पत्रे इंटरनेटवरून गाण्यांची देवाणघेवाण करणे आणि त्यावरून झालेले खटले यांविषयी आहेत. सांगलीच्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातला हिशेब मांडल्याशिवाय कळण्यासारखा नाही.

प्रश्न: अमेरिकेत एका बाईंनी इंटरनेटवरून चोवीस गाणी उतरवून घेतली म्हणून त्यांना दोन लाखांहून अधिक डॉलर दंड झाला, असे माझा मुलगा सांगतो. मला ही अतिशयोक्ती वाटते. खरे असेल, तर ही रक्कम कोणत्या हिशेबाने निघाली?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर: आपल्या चिरंजीवांनी सांगितलेला आकडा खरा आहे, फक्त दोन शब्द बदलावे लागतील. ही रक्कम दंडाची नव्हती, दिवाणी दाव्यातील भरपाईची होती. आणि कंपन्यांचा मुख्य रोष गाणी उतरवून घेण्यावर नव्हता, ती इतरांसाठी खुली ठेवण्यावर होता. त्या काळी काझासारखा कार्यक्रम संगणकावर बसवला की एक सामायिक फोल्डर तयार होई आणि आपण घेतलेले गाणे त्यात पडताच जगातल्या कोणालाही ते आपल्या संगणकावरून नेता येई. कंपन्यांनी नेमलेले तपासनीस साधे वापरकर्ते बनून या जाळ्यात शिरत, फोल्डरमधल्या गाण्यांची यादी, तारीख, वेळ आणि संगणकाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा ओळखक्रमांक, टिपून ठेवत, आणि मग इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडून खातेदाराचे नाव मागत. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांची संघटना, म्हणजे आरआयएए, हिने ८ सप्टेंबर २००३ रोजी एकदम २६१ जणांवर दावे लावले ते असेच. सुरुवातीला ही नावे न्यायाधीशांची परवानगी न घेता नुसत्या समन्सवर मिळत. डिसेंबर २००३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ती वाट बंद केल्यावर आधी अनामिक प्रतिवादीवर दावा आणि मग नाव, असा उलटा क्रम सुरू झाला.

खातेदार आणि गाणी वाटणारा एकच असतो, हे मात्र कोणी सांगावे? पहिल्या तुकडीत न्यूयॉर्कची एक बारा वर्षांची मुलगी निघाली आणि तिच्या आईने दोन हजार डॉलर भरून तडजोड केली. २००५ मध्ये तर वेस्ट व्हर्जिनियातील एका त्र्याऐंशी वर्षांच्या आजींवर दावा लागला. त्या आधीच वारल्या होत्या.

बहुतेकांनी काही हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवले, कारण वकिलाची फी त्याहून जास्त झाली असती. आपण ज्यांच्याविषयी विचारता त्या मिनेसोटातील बाईंनी तडजोड नाकारली. त्यांच्या फोल्डरमध्ये सतराशेहून अधिक गाणी असल्याचे कंपन्यांचे म्हणणे होते, आणि खटल्यासाठी त्यांनी त्यांतली २४ निवडली.

आता हिशेब. अमेरिकेच्या कायद्यात स्वामित्वहक्काच्या, म्हणजे कॉपीराइटच्या, मालकाला प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करावे लागत नाही. त्याऐवजी तो ठरीव भरपाई मागू शकतो, आणि ती दर कृतीमागे, म्हणजे इथे दर गाण्यामागे, किमान ७५० आणि कमाल ३०,००० डॉलर असते. उल्लंघन जाणूनबुजून केल्याचे ठरले, तर कमाल मर्यादा १,५०,००० डॉलरपर्यंत जाते. त्यामुळे ज्यूरीने बाईंना दोषी ठरवल्यावर कितीही दया दाखवायची म्हटली, तरी २४ गाण्यांचे १८,००० डॉलर झालेच असते. त्याच काळात ॲपलच्या दुकानात एक गाणे ९९ सेंटला मिळत होते, म्हणजे हीच चोवीस गाणी चोवीस डॉलरच्या आत विकत आली असती.

ऑक्टोबर २००७ मध्ये ज्यूरीने गाण्यामागे ९,२५० डॉलर लावले. तेच आपल्या चिरंजीवांचे २,२२,०००. पुढे न्यायाधीश मायकेल डेव्हिस यांनीच, गाणे नुसते उपलब्ध ठेवणे म्हणजे वितरण, असे ज्यूरीला सांगण्यात आपली चूक झाल्याचे मान्य करून निकाल रद्द केला आणि खटला पुन्हा चालवला. जून २००९ च्या दुसऱ्या ज्यूरीने गाण्यामागे ८०,००० डॉलर ठरवले आणि रक्कम १९ लाख २० हजारांवर गेली! डेव्हिस यांनी ती किमान दराच्या तिपटीवर, म्हणजे ५४,००० डॉलरवर आणली. कंपन्यांना ते मान्य नव्हते म्हणून २०१० मध्ये तिसरी ज्यूरी बसली आणि तिने १५ लाख सांगितले. अखेर २०१२ मध्ये अपील न्यायालयाने पहिलाच आकडा कायम केला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

एकाच पुराव्यावर तीन ज्यूऱ्यांनी तीन आकडे दिले आणि तिन्ही कायद्यात बसले, ही मला या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. बाई निर्दोष होत्या असे मी म्हणत नाही, कारण तिन्ही ज्यूऱ्यांपुढे त्यांचा बचाव टिकला नाही. परंतु कृती मोजून दर लावण्याची ही पद्धत धंदा म्हणून नकला छापणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवली तर शोभते. तीच घरी बसून गाणी ऐकणाऱ्याला लावली की रकमेचा नुकसानीशी काही संबंध उरत नाही. अशी सुमारे ३५,००० प्रकरणे केल्यावर डिसेंबर २००८ मध्ये संघटनेने व्यक्तींवरचे नवे सरसकट दावे थांबवत असल्याचे जाहीर केले. खटले जिंकूनही गाणी वाटणे थांबले नव्हते.

प्रश्न: नॅपस्टर ही कंपनी स्वतः एकही गाणे साठवत नव्हती असे वाचले. मग न्यायालयाने तिला जबाबदार कसे धरले? उद्या रस्त्यावरून चोरीचा माल नेला म्हणून रस्ता बांधणाऱ्याला धरणार का?
— एक अभियांत्रिकी विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: रस्त्याची उपमा नॅपस्टरच्या वकिलांनाही आवडली असती, पण तिच्यात एक गोष्ट राहून गेली आहे. शॉन फॅनिंग या बोस्टनमध्ये शिकणाऱ्या तरुणाने जून १९९९ मध्ये सुरू केलेल्या या सेवेत गाणी खरोखरच वापरकर्त्यांच्या संगणकांवर असत. मात्र कोणते गाणे आत्ता कोणाकडे आहे, याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर असे आणि शोध त्या यादीतूनच होई. मालाला हात न लावणारा, परंतु कोणत्या घरात काय आहे हे दारात बसून सांगणारा मध्यस्थ, असे तिचे स्वरूप होते. मेटॅलिका या बँडने तर मे २००० मध्ये तीन लाखांहून अधिक वापरकर्त्यांच्या नावांची यादी खोकी भरून कंपनीच्या कार्यालयात नेऊन दिली. त्यानंतर आम्हाला माहीतच नव्हते, असे म्हणायला फारशी जागा राहिली नाही.

नॅपस्टरने आधार घेतला तो १९८४ च्या सोनी खटल्याचा. घरगुती व्हिडिओ रेकॉर्डरचा वैध उपयोगही भरपूर असल्यामुळे तो विकणारा दोषी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले होते. परंतु सोनीचा संबंध यंत्र विकल्यावर संपत असे. नॅपस्टरला रोज उल्लंघन दिसत होते, ते थांबवणे तिच्या हातात होते आणि त्यातून तिला लाभही होता. फेब्रुवारी २००१ मध्ये अपील न्यायालयाने याच मुद्द्यांवर निर्णय दिला आणि जुलैमध्ये सेवा बंद पडली. नॅपस्टरनंतर आलेल्या अशा सेवांनी मधली यादीच काढून टाकली. तेव्हा त्यांपैकीच ग्रॉकस्टर या सेवेवरच्या २००५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, उल्लंघनाला उत्तेजन देण्याच्या हेतूने साधन पुरवणारा जबाबदार ठरतो. म्हणजे रस्ता बांधणारा सुटेल, पण चोरीच्या मालासाठी खास रस्ता अशी पाटी त्याने लावली नसेल तर!

प्रश्न: वडिलांच्या मागे दोनशे कॅसेटी उरल्या आहेत. त्यांत विकतच्या आहेत, तशा त्यांनी घरी ध्वनिमुद्रित केलेल्याही आहेत. त्या संगणकावर उतरवून नातेवाइकांना पाठवल्या, तर अमेरिकेसारखे काही अंगाशी येईल का?
— एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर: अमेरिकेसारखी दर कृतीमागे ठरीव भरपाई आपल्या कायद्यात नाही, तेव्हा त्या आकड्यांची धास्ती घेऊ नका. १९५७ च्या आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठीच्या उचित वापराला मुभा आहे, आणि विकत घेतलेली कॅसेट स्वतःला ऐकण्यासाठी संगणकावर उतरवणे त्यात बसते. तीच गाणी तीनशे जणांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली किंवा यूट्यूबवर चढवली, तर ते खासगी राहत नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. व्यापारी लाभ नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून ही शिक्षा कमी करू शकते.

कॅसेट जुनी आहे म्हणजे हक्क संपला, असेही समजू नये. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे चालतो, म्हणून १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या तबकडीचा २०१५ अखेर संपला. पण त्यावरच्या गाण्याचे शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात आणि ते कवीच्या व संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतात. गदिमा १९७७ च्या डिसेंबरात गेले, तेव्हा त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे, मग तबकडी कितीही जुनी असो.

घरी ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेटींपैकी रेडिओवरून घेतलेल्यांना हेच नियम लागू आहेत. मात्र एखाद्या बारशात आजींनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या वडिलांनी टेपरेकॉर्डरवर घेतल्या असतील, तर ते ध्वनिमुद्रण आपल्याच घरचे आणि ओव्या परंपरेच्या. त्या नातेवाइकांना बेलाशक पाठवा, आणि फीत चिकटण्याआधी दोनशेतून सर्वांत पहिल्यांदा त्याच उतरवून घ्या.