एक्स-रे चांगला, मग गुडघा का दुखतो?

सांधेबदलानंतर न थांबणाऱ्या दुखण्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार.

प्रश्न : गुडघा बदलून 14 महिने झाले. एक्स-रे उत्तम आहे, गुडघा वाकतोही छान. पण आतल्या बाजूला सतत आग होते, रात्री चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. ‘सगळं ठीक आहे’ एवढंच उत्तर मिळतं. पुन्हा ऑपरेशन करून घ्यावं का?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू या : तुमचं दुखणं खरं आहे आणि तुम्ही एकट्या नाही. गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचात एकाला आणि खुबा बदललेल्यांपैकी साधारण दहात एकाला असं दुखणं मागे राहतं. 3 महिन्यांपुढे टिकलं की त्याला दीर्घकालीन म्हणतात. गुडघा वर्षभर हळूहळू सुधारत असतो, म्हणून चौथ्या महिन्यात धीर सोडू नये. 14 महिन्यांनंतर मात्र ‘अजून थोडं थांबा’ हे उत्तर पुरेसं नाही.

एक्स-रेमध्ये सांध्याचे भाग कुठे बसलेत ते दिसतं, बरेच सैल झाले असतील तर तेही दिसतं. जंतुसंसर्ग, अस्थिबंधांचा (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांचा) ढिलेपणा, भाग किंचित फिरून बसणं, नसेची इजा यांतलं काही त्यात दिसेलच असं नाही. म्हणून शोध क्रमाने घ्यावा लागतो, आणि पहिला क्रमांक संसर्गाचा. रक्तातले ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारे आकडे, पाहतात. ते वाढलेले असतील किंवा शंका उरत असेल, तर सुईने सांध्यातलं पाणी काढून त्यातल्या पेशी मोजतात आणि कल्चर लावतात, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते पाहतात. काही जंतू सावकाश वाढतात, त्यामुळे कल्चर 14 दिवस ठेवायला सांगा. इथे नेहमी घडणारी चूक म्हणजे ‘असू द्या’ म्हणून आधीच सुरू केलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या. मग जंतू असूनही कल्चर कोरं येतं. तब्येत स्थिर असेल तर पाणी काढण्याआधी निदान 2 आठवडे त्या बंद असायला हव्यात. बंद कधी करायच्या, हे डॉक्टरांनीच ठरवावं.

पुढचा धागा दुखण्याच्या वेळेत सापडतो. उठल्यावर पहिली काही पावलं दुखतात आणि मग कमी होतं, तर भाग सैल झाल्याची शंका. जिना उतरताना गुडघा दगा देतो, तर अस्थिबंध ढिले. खुर्चीतून उठताना पुढून कळ येते, तर वाटीकडे पाहायचं आणि भाग फिरून बसलेत का हे सीटी स्कॅनवर मोजायचं. खुबा आणि कंबरेचा मणका तपासल्याशिवाय मात्र कुणालाही सोडू नये. खुब्याची झीज गुडघ्यात दुखू शकते, आणि हे निदान हमखास निसटतं. हाडांचा स्कॅन कुणी सुचवला तर लक्षात ठेवा, ऑपरेशननंतर वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ सगळं नीट असतानाही तो ‘उजळ’, म्हणजे बिघाड असल्यासारखा, दिसतो.

तुम्ही लिहिलेली लक्षणं, म्हणजे आग आणि चादरीचा स्पर्श न सोसणं, नसेकडे बोट दाखवतात. व्रणाच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर राहणं नेहमीचंच आहे, कारण चीर देताना नसेच्या बारीक फांद्या कापल्या जातात. कापलेल्या फांदीच्या टोकाशी गाठ धरली तर त्रास सुरू होतो. व्रणाच्या आतल्या कडेने एका बोटाने हळूहळू दाबत जा. एका ठिकाणी विजेसारखी चमक निघाली तर तिथे पेनाने खूण करून डॉक्टरांना दाखवा. त्या जागी बधिर करण्याचं औषध टोचल्यावर थोड्या वेळात दुखणं थांबलं, तर नसेचा संशय पक्का होतो. पाय लाल-निळा पडत असेल, दुसऱ्या पायापेक्षा गार किंवा गरम लागत असेल, घाम वेगळा येत असेल, तर वेदनातज्ज्ञांकडे लगेच जा.

ऑपरेशनबद्दल : दुरुस्त करण्यासारखं कारण सापडलं तर जरूर. कारण न सापडता फक्त दुखतंय म्हणून सांधा पुन्हा उघडू नका. दुखणं बहुधा तसंच राहतं आणि संसर्गाचा धोका वाढतो.

प्रश्न : आई 71 वर्षांची आहे. नऊ महिने डायक्लोफेनॅक आणि ट्रॅमाडॉल रोज चालू आहे. चालू ठेवावं का?

ही दोन्ही वेदनाशामकं असंच चालू ठेवू नका, पण एका दिवसात बंदही करू नका. डायक्लोफेनॅक या वयात मूत्रपिंड, जठर आणि हृदयावर ताण आणतं. रक्तदाब आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) आधी तपासून घ्या. ट्रॅमाडॉलने चक्कर येते, बद्धकोष्ठ होतो, तोल जातो, आणि कृत्रिम सांध्याजवळचं हाड पडून मोडलं तर ते फार अवघड प्रकरण असतं. ते एकदम थांबवलं तर अंगाला कंप सुटतो, झोप उडते. म्हणून डॉक्टरांकडून मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवून घ्या. नसेचं दुखणं असेल तर ड्युलोक्सेटिन किंवा रात्री 10 मिलिग्रॅम अ‍ॅमिट्रिप्टिलिन देतात. ही ट्रॅमाडॉलसोबत घेण्यात धोका असतो, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांपुढे ठेवा. नसेच्या दुखण्यावरच्या प्रीगॅबॅलिन या औषधाने पायावर सूज येते आणि ती गुडघ्याचीच समजली जाते, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : बरं वाटलं की चालतो, मग दोन दिवस झोपून काढतो. व्यायाम करावा की नाही?

करावा, पण घड्याळ लावून. दुखणं असह्य होण्याआधी किती मिनिटं चाललात ते तीन दिवस लिहा. समजा 12, 20 आणि 13 मिनिटं. सरासरी 15, तिचे 80 टक्के म्हणजे 12. रोज 12च मिनिटं चाला. चांगल्या दिवशी जास्त नाही, वाईट दिवशी शक्यतो कमी नाही. दर आठवड्याला साधारण एक मिनिट वाढवा. चालल्यावर थोडं दुखणं चालतं. दुसऱ्या सकाळी ते मूळ पातळीवर आलं नाही, तर वाढ मागे घ्या.

सोबत मांडीचा व्यायाम : पाय सरळ ठेवून गुडघा खाली दाबा, 5 सेकंद धरा, 10 वेळा, दिवसातून तीनदा. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून 5 मिनिटं पाय सैल सोडा. सरळ न होणारा गुडघा मांडीला दिवसभर राबवतो. स्पर्श सोसत नसेल तर आधी कापूस, मग मऊ कापड, मग टॉवेल, असं 5-5 मिनिटं दिवसातून दोन-तीनदा व्रणाभोवती फिरवा. एक टप्पा अंगवळणी पडल्यावरच पुढचा.

व्रणातून पाणी येणं, ताप, अचानक सूज, पाय टेकताच न येणं किंवा पोटरी सुजून दुखणं, यांपैकी काहीही झालं तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न : धातूची अ‍ॅलर्जी असेल का? पॅच टेस्ट करू?

शक्यता फार कमी. पॅच टेस्टमध्ये धातूचा अंश त्वचेवर चिकटवून पाहतात. त्वचा काय करते ते ती सांगते, खोल सांध्यात काय चाललंय ते नाही. ती पॉझिटिव्ह आली एवढ्यावरून सांधा बदलू नये. संसर्ग, ढिलेपणा, खुबा, मणका आणि नस हे सगळं तपासून झाल्यावरच तिचा विचार करा.