७० लिटरच्या मरीन (खाऱ्या पाण्याच्या) फिश टँकमध्ये केसांसारखं हिरवं शेवाळ झालंय. कोणतं औषध टाकू आणि गोगलगायी किती सोडू?

औषध टाकू नका. माझ्या टँकमध्ये ते पडलंय, म्हणून सांगतोय.

सांगलीत विश्रामबागला आमच्या हॉलमध्ये ७५ लिटरचा मरीन टँक आहे. दोन वर्षं काच लख्ख होती. तिसऱ्या उन्हाळ्यात दगडांवर हिरवे केस यायला लागले आणि एप्रिल संपेपर्यंत दगड दिसेनासे झाले. त्यात मला आठवडाभर पुण्याला जावं लागलं. थोरला भाऊ गावाकडनं आला होता, त्याला टँकची ती अवस्था बघवेना. त्यानं दुकानातनं शेवाळ मारायची बाटली आणली आणि ओतली. माझं काम हलकं करायला म्हणूनच ओतली, त्याबद्दल शंका नाही.

शेवाळ मेलं. दोन दिवसांत करडं पडून कुजायला लागलं आणि पाण्यातला ऑक्सिजन त्या कुजण्यातच संपला. बाटलीत तांबं होतं, त्यानं कोळंबी पहिल्याच रात्री गेली. मी पोचलो तेव्हा आईनं वासानं सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या होत्या आणि मोठा क्लाउन मासा फिल्टरच्या जाळीला चिकटलेला होता. अडीच वर्षं माझ्या बोटातनं खायचा तो. दगडांत तांबं मुरलं असणार, म्हणून पुढं वर्षभर मी कोळंबी सोडली नाही. आणि शेवाळ? दीड महिन्यात परत हजर, आधीपेक्षा दाट. मेलेल्या शेवाळाचं खत पाण्यातच विरघळलं होतं ना.

खरं कारण निघालं स्वयंपाकघरात. त्या वर्षी घरात नवीन आरओ मशीन बसवलं होतं. पाण्याला चव यावी म्हणून बसवणाऱ्यानं टीडीएसचा (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा) व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवलेला, म्हणजे नळाचं पाणी आत मिसळत होतं. टीडीएस मीटर लावला तर ८५. उन्हाळ्यात टँकवर पंखा, रोज दीड लिटर पाणी उडायचं आणि मी तेवढंच या मशीनचं भरायचो. हिशोब करा, ५० दिवसांत अख्ख्या टँकएवढं पाणी. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका, जे काही भरलेल्या पाण्याबरोबर आलं ते टँकमध्येच साठत जातं. आणि टेस्ट किटवर नायट्रेट शून्य दिसत होतं, कारण येईल तेवढं शेवाळच खात होतं. त्या शून्यावर विश्वास ठेवून मी दोन महिने घालवले.

ज्यानं वाळवा-पलूसकडची क्षारपड रानं बघितलीत त्याला हे वेगळं समजवायला नको. दादाशी माझा दहा वर्षांचा वाद हाच आहे. खालच्या रानात ऊस, पाटानं पाणी. “नदी उशाला असताना पाणी काय मोजायचं?” असं तो म्हणायचा. आज त्या दीड एकरात उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी साय येते आणि ऊस गुडघ्याच्या वर जात नाही. आता म्हणतो जिप्सम टाकू. अरे, आधी निचरा कर, सच्छिद्र पाइप गाड, पाणी ठिबकवर आण, मग जिप्समचं बोल. आत काय साठतंय हे न बघता वरनं आणखी काहीतरी ओतायचं, हे रानात चुकीचं आहे आणि टँकमध्येही. हे मी त्याच्या तोंडावर बोललोय, म्हणून इथंही लिहितोय.

तर आधी मीटर आणा आणि भरायचं पाणी मोजा. शून्य यायला हवं, त्यासाठी आरओच्या पुढं डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे बारीक मणी) लागतं. शेवाळ हातानं उपटा. बोटाला गुंडाळून मुळापासून ओढायचं आणि सुटलेले धागे त्याच वेळी नळीनं बाहेर काढायचे, टँकमध्ये तरंगू द्यायचे नाहीत. फ्रोझन खाणं चहाच्या गाळणीत घेऊन स्वच्छ पाण्याखाली धुवा. गाळणीतनं गढूळ पाणी जातं तेही शेवाळाचं जेवण. लाइट आठ तास बास. टँकच्या मागच्या फिल्टरच्या कप्प्यात मूठभर किटोमॉर्फा (गुंतवळीसारखं दिसणारं, मुद्दाम वाढवायचं शेवाळ) ठेवून त्याला रात्री उजेड दिला, तर उरलेलं खत ते ओढून घेतं. मला दगड दिसायला तीन महिने लागले.

पण नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्यावर नेऊ नका, मग डायनो (डायनोफ्लॅजेलेट, तपकिरी बुळबुळीत थर करणारे सूक्ष्मजीव) येतात आणि ते याहून वाईट. तुमचं शेवाळ पिसासारखं फाटे फुटलेलं असेल तर ते ब्रायोप्सिस, त्याला एवढ्यानं फरक पडत नाही. लाल बुळबुळीत थर असेल तर ते शेवाळच नव्हे, सायनोबॅक्टेरिया आहेत. टँक नवा असेल आणि तपकिरी भुकटी दिसत असेल तर काही करू नका, काही आठवड्यांत आपोआप जाते.

गोगलगायींचं राहिलंच. टर्बो जातीच्या दोन पुरे, पण उपटून झाल्यावर सोडा. लांब झुपक्यांना त्या सहसा तोंड लावत नाहीत. उलटी पडलेली दिसली तर लगेच सरळ करा, पुष्कळदा तिला स्वतःहून वळता येत नाही. आणि शेवाळ संपलं की उपाशी मरतात, तेव्हा नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्याचा) तुकडा दगडाला रबरबँडनं बांधून द्या.