आजीच्या घरातली तांब्या-पितळेची जुनी भांडी आणि पाणी तापवायचा एक बंब माझ्याकडे आला आहे. अँटिक म्हणून किती किंमत येईल? की पॉलिश करून दिवे, कुंड्या वगैरे बनवून घरात सजवावं?

किमतीचं आधी उरकून टाकते, कारण त्यात तुमची निराशाच व्हायची आहे. भांडी आजीच्या लग्नातली, १९५० च्या आसपासची, असं तुम्ही कळवलंय. पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा शंभर वर्षांपलीकडच्या वस्तूला पुरावस्तू मानतो, हस्तलिखितांना तेवढी पंचाहत्तरची सवलत. तुमची कळशी त्यात बसत नाही. आणि बसली असती तरी भाव आला असता असं नाही, कारण अशा कळश्या घरोघर होत्या. मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात घेऊन गेलात तर दुकानदार आधी तुम्हालाच विचारेल, "कितीला द्यायचंय?" तुम्ही आकडा बोललात की सौदा तिथंच संपला. कासाराकडे मोडीत घातलंत तर वजनाचे पैसे, त्यातही तो घट धरणार. तांब्याला पितळेपेक्षा जास्त भाव, म्हणून सगळ्यांचा डोळा तुमच्या बंबावर असेल एवढं लक्षात ठेवा.

आता 'पॉलिश करून' या दोन शब्दांकडे येते. खरं तर त्यांच्यासाठीच लिहायला बसले.

भांडी बफला देऊ नका. लिंबू-मीठ, चिंच, पितांबरी, काय हवं ते वापरा, हातानं घासा. पण मोटरीवर फिरणाऱ्या चाकावर धरून आरशासारखी चकाकवणारे जे असतात, त्यांच्या दारात पाऊलसुद्धा टाकू नका. बफ धातू खातो. एका वेळेला थोडाच खातो, पण भांड्यावर घातलेलं नाव तरी किती खोल असतं? कासाराच्या दुकानातला माणूस छिन्नीनं टिकटिक करत ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं काढायचा, तेवढीच त्याची खोली. दोनदा बफ झालं की गेलं.

आमच्याकडे गेलं. वाईचा वाडा पाडायचा ठरला तेव्हा माळ्यावरची आणि कोठीतली भांडी आम्हा भावंडांत वाटली. मला बंब, दोन सतेली, एक अडकित्ता आणि काशाची वाटी आली. दादाला समया, परात, पंचपात्र, तांब्याचं घंगाळ आणि आजीचं तबक. वाटणीबद्दल माझी तक्रार नव्हती आणि नाही (वहिनी, हे नीट वाच). दादानं सगळं पुण्यात कुणालातरी देऊन बफ करून घेतलं, वर लाखेचा हात मारून घेतला आणि दिवाणखान्यात कोनाडे करून, प्रत्येकावर छोटा दिवा सोडून मांडलं. पुढच्या गणपतीत वहिनीनं त्याच तबकातून पेढे आणले. मी सवयीनं तबकाचा काठ बघितला. तिथं पूर्वी लिहिलेलं होतं, "चि. गोदावरी हीस वडिलांकडून, शके १८५८". आता 'शके' एवढंच उन्हात तिरकं धरल्यावर दिसत होतं.

तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं. आमची आजी लग्नानंतर लक्ष्मी झाली. रेशनकार्डावर लक्ष्मी, सात-बाऱ्यावर लक्ष्मी, मृत्यूच्या दाखल्यावर लक्ष्मी. शाळेत ती गेलीच नव्हती. वडिलांनी ठेवलेलं नाव तिच्या उभ्या आयुष्यात फक्त त्या तबकाच्या काठावर लिहिलेलं होतं. मी ते दादाला म्हटलं. त्यावर त्याचं उत्तर, "अगं पण आपल्याला माहितीय की तिचं नाव." मी तिथंच त्याच्या दोन्ही मुलांना विचारलं, पणजीचं माहेरचं नाव सांगा. दोघं मोबाईलमधून मान वर करून एकमेकांकडे बघत बसले. तेव्हापासून आमच्यात हा विषय निघाला की जेवणाची पानं गार होतात.

तर तुमच्या भांड्यांचं पहिलं काम हे. घासायच्याही आधी सगळ्यांचे काठ, गळे आणि बुडं बघा. जिथं अक्षर दिसेल तिथं पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, ठसा उठतो. फोटो काढायचा तर बॅटरी बाजूनं मारून काढा, समोरून मारलीत तर काही दिसत नाही. कुणाच्या मुंजीत कुणी दिलं, कुठल्या आत्यानं रुखवतात काय मांडलं, सगळं तिथं असतं. शके दिसला तर ७८ मिळवा, इसवी सन मिळतो, क्वचित एखाद वर्षाचा फरक पडतो.

नाव नसलं तरी सांधा बघा. हातानं ठोकलेल्या जुन्या भांड्यात पत्र्याच्या दोन कडा दातात दात घालून जोडलेल्या असतात, आणि आतून नीट बघितलं तर ती दातेरी रेघ दिसते. बाहेर मठारल्याच्या, म्हणजे हातोडीनं ठोकल्याच्या, खुणा असतात, त्या थोड्या वेड्यावाकड्याच हव्यात. हल्ली 'व्हिंटेज' म्हणून जे विकतात त्यातला पुष्कळ माल नवा असतो, आम्लात बुचकळून काळा केलेला. त्याचा काळेपणा सगळीकडे सारखा असतो. वापरातल्या भांड्याचा तसा नसतो, जिथं हात लागतो तिथं ते उजळ राहतं.

आता बंब. बंबात मनीप्लांट लावलेला मी एका हॉटेलात पाहिला आणि चहा न घेता उठले. मातीनं नळकांड्याचा सांधा कुजतो हा एक भाग झाला. पण मुळात ती पाणी तापवायची इतकी हुशार वस्तू आहे की तिची कुंडी करणं म्हणजे शिवणयंत्राला टेबल म्हणून वापरण्यासारखं आहे. (तेही करतातच लोक, लोखंडी पायावर काच टाकून.) मधे विस्तवाचं नळकांडं, भोवती पाणी, खाली जाळी आणि राखेची जागा. ज्वाळ मधूनच वर जाते, म्हणून बरीचशी ऊब पाण्याला मिळते. करवंट्या, चिपाडं, शेंगांची टरफलं, काहीही चालतं. वरून तांब्याभर गार पाणी ओतलं की तोटीतून तेवढंच कढत बाहेर.

माझ्याकडे आला तेव्हा आमच्या बंबाचा सांधा गळत होता आणि तोटी गायब होती. साताऱ्यात मला तीन जणांनी "एम-सील लावा ताई" असं सांगितलं. मी तो पोत्यात बांधून एसटीनं पुण्याला, कसब्यातल्या तांबट आळीत नेला. तिथल्या म्हाताऱ्या तांबटानं बंब उलटा केला, नळकांड्यात बोट फिरवलं आणि विचारलं, "कोरडा पेटवला होता ना कुणीतरी?" वाड्यात शेवटची काही वर्षं भाडेकरू होते, त्यांचाच तो प्रताप असणार. त्यानं समजावलं ते असं: सांधा जोडायचा साधा डाख, कथलात शिसं मिसळलेला, दोनशे अंशांच्या आतच वितळायला लागतो. बंबात पाणी आहे तोवर सांधा शंभराच्या फार वर जात नाही, डाखाला काही होत नाही. पाणी संपलं आणि विस्तव तसाच राहिला की सांधा सुटलाच. आजी न्हाणीघराच्या दारात उभी राहून "एक तांब्या घ्या, एक तांब्या घाला" असं ओरडायची, ती शिस्त लावत नव्हती, बंब वाचवत होती. म्हाताऱ्यानं कथलाऐवजी पितळी डाख घातला, तो पुष्कळ जास्त उष्णतेला टिकतो. नवी तोटी बसवली आणि पोचा काढू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. तो पोचा माझ्या धाकट्या काकाच्या धांदरटपणाचा आहे, त्याची गोष्ट आहे, ती राहू दे.

आता दर थंडीत परसात आमचा बंब पेटतो. धुरानं काळा झालाय, हे खरं. दादा आला की त्याच्याभोवती एक फेरी मारतो आणि म्हणतो, "वाट लावलीस वस्तूची." वर मला पुण्याच्या केळकर संग्रहालयाचा दाखला देतो, की त्यांनीही काचेच्या कपाटातच ठेवलंय ना सगळं? अरे, पण दिनकर केळकरांनी जमवलं काय ते बघ की. १९२० च्या सुमारापासून हा कवी माणूस गावोगाव हिंडून अडकित्ते, दौती, दिवे, टाचा घासायच्या वज्री गोळा करत होता. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं ते संग्रहालय उभं आहे. लोकांच्या हातात झिजलेल्या वस्तू लोक फेकून देत होते, म्हणून त्यांनी त्या उचलल्या. आणि तिथं वस्तूखाली ती काय आहे हे लिहिलेलं असतं. तुझ्या कोनाड्यातल्या घंगाळाखाली काय लिहिलंयस? उलट जे लिहिलेलं होतं ते घालवलंस.

असो. तुमच्या प्रश्नाकडे येते. दिवे-कुंड्या करू नका, वापरा. तांब्याचं ते फक्त पाण्याला. पितळेच्या पातेल्यांना आतून कल्हई करून घ्या, नाहीतर ताक आणि आमटी कळकेल आणि घरातले मलाच शिव्या देतील. कल्हईवाला मिळाला की त्याच्याजवळ उभं राहा, बघण्यासारखं असतं. भांडं तापवून नवसागर टाकतात, पांढरा धूर निघतो, मग कथलाची कांडी टेकवली की ती वितळते आणि कापसाच्या बोळ्यानं सगळीकडे पसरवतात. कथील २३२ अंशांला वितळतं, म्हणजे कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवलं की कल्हई गोळा होऊन बसते. आधी तेल घाला, मग गॅस लावा. तारेची घासणी नको. काशाला कल्हई लागत नाही, पण पडलं तर फुटतं. काशाची वाटी असेल तर तिचा उपयोग तुम्हाला आजीच्या कुठल्याही मैत्रिणीनं सांगावा: रात्री तुपाचं बोट तळपायाला लावून तिनं घासायचं.

फार मोठी पातेली असतील आणि तुमचं घर टू बीएचके असेल, तर गावच्या देवळाला द्या. लग्नकार्याला लोक तिथून भांडी नेतात, आणि त्यावर आजीचं नाव घालून द्या. माहेरचं घालता आलं तर उत्तमच.

आता काही गोष्टी राहिल्या. कथलात शिसं मिसळून स्वस्तात कल्हई करणारे असतात, ती स्वयंपाकाच्या भांड्याला विषच आहे. ओळखीचा कल्हईवाला नसेल तर ते भांडं कोरड्या सामानाला ठेवा. फ्लॅटच्या बाल्कनीत बंब पेटवू नका, सोसायटी येईल आणि तिचं बरोबर असेल. समई, परात ह्यांना बफचा एखादा हात मारला म्हणून आकाश कोसळत नाही, नाव नसेल तर. आणि खरोखर शंभर वर्षांपलीकडचं काही निघालं, मूर्ती वगैरे, तर ते परदेशी भाच्याबरोबर पाठवून देऊ नका, तो गुन्हा आहे.

बंब तुम्हाला नकोच असेल आणि तुम्ही पुणे-सातारा पट्ट्यात असाल तर कळवा. माझ्या लेकीनं शेतावर घर बांधलंय, तिला हवाय. मोडीपेक्षा जास्त देऊ, पोचे चालतील, गळका चालेल. बफ केलेला नको.