आयसीपी-एमएसच्या (नमुन्यातली मूलद्रव्यं आयन करून वस्तुमानावरून मोजणाऱ्या उपकरणाच्या) आरगॉन प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त आयनीभूत वायूत, दुसरा वायू मिसळून खरंच फायदा होतो का?

होतो, पण कुठला वायू आणि कशासाठी, यावर सगळं ठरतं.

नायट्रोजन आरगॉनपेक्षा उष्णता चांगली वाहून नेतो, त्यामुळे नमुन्याचे थेंब आणि कण प्लाझ्मात अधिक नीट फुटतात. लेझर ॲब्लेशनमध्ये (लेझरने घन नमुन्याचे कण उडवून ते प्लाझ्मात नेताना) वाहक वायूत मिनिटाला काही मिलिलिटर नायट्रोजन सोडला, तर अनेक मूलद्रव्यांचा सिग्नल वाढतो आणि थोरियम ऑक्साइडसारखे ऑक्साइड आयन घटतात. खारट नमुन्यांत ७५ वस्तुमानावर आर्सेनिकला झाकणारा आरगॉन-क्लोराइड आयनही कमी होतो. पण फुकट काही मिळत नाही: आरगॉन-नायट्रोजन आयन ५४ वर लोखंडाच्या समस्थानिकाला अडवतो आणि नायट्रोजनच्याच आयनमुळे २८ वर सिलिकॉन मोजणं जवळपास विसराच.

ऑक्सिजनची गोष्ट वेगळी. झायलीन, केरोसीनसारखे सेंद्रिय द्रावक थेट फवारले की कोनवर, म्हणजे प्लाझ्मातले आयन आत घेणाऱ्या धातूच्या शंकूवर, काजळी बसते. थोडा ऑक्सिजन ती जाळून टाकतो. मात्र निकेलचे कोन लवकर झिजतात, म्हणून प्लॅटिनमचे लावा. महाग पडतात, इलाज नाही.

आर्सेनिक आणि सेलेनियमच मोजायचे असतील तर मी आधी मिथेन किंवा नमुन्यात थोडं आयसोप्रोपॅनॉल घालून बघेन. कार्बनमुळे या अवघड आयनीभवनाच्या मूलद्रव्यांचा सिग्नल वाढतो. कार्बन सगळ्या द्रावणांत, अगदी ब्लँकमध्येही (नमुना नसलेल्या तुलनेच्या द्रावणात), सारखाच ठेवा.