वाचकांचे प्रश्न : वर्गात प्राणायाम घेताना

प्रश्न : ताई नमस्कार. मी सिंहगड रोडच्या एका शाळेत सातवी-आठवीला पीटी शिकवते, यावर्षीपासून योगाचा तासही माझ्याकडे आलाय. मागच्या आठवड्यात कपालभाती घेत होते, पोट आत मारत श्वास बाहेर टाकायचे पन्नास-साठ झटके झाले असतील, तेवढ्यात एका मुलीला गरगरायला लागलं, बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झालेत म्हणाली. खाली बसवलं, दहा मिनिटांत बरी झाली, पण दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली आणि तेव्हापासून मलाच धास्ती बसलीय. माझं काय चुकलं? प्राणायाम बंदच करू का?
— एक शिक्षिका, पुणे

उत्तर : बंद नका करू हो. आधी त्या मुलीला काय झालं ते सांगते. जोरजोरात आणि भराभर श्वास टाकत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, तो फार उतरला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून गरगरतं, आणि ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात त्याही त्यानेच. श्वास साधा झाला की हे आपोआप ओसरतं. तिच्या आईला हेच सरळ शब्दांत सांगा, आणि प्रकार मी बदलतेय हेही सांगा. एरवी नुसतं बसल्या बसल्या तिला पुन्हा गरगरलं तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

कपालभातीने मुलांचा ऑक्सिजन वाढतो असं आपण माइकवरून सांगतो ना, ते सोडून द्या. धडधाकट मुलाच्या रक्तात ऑक्सिजन आधीच ९५ टक्क्यांच्या वर असतो, तो अजून कुठे वाढणार? आणि हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात कपालभाती प्राणायामात येतच नाही, नाक-पोट साफ करायच्या नेती-धौतीसारखी ती सहा शुद्धिक्रियांमधली एक आहे. त्याच ग्रंथात म्हटलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करतात तसाच वायू, म्हणजे श्वास, हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो. आपण मात्र शाळेत नेमकी तीच क्रिया पहिल्या दिवशी घेतो, कारण ती दिसायला जोरदार असते आणि २१ जूनच्या योगदिनाच्या कार्यक्रमात फोटो छान येतात. मला याचं खरंच वाईट वाटतं.

आपल्या पुण्यात तर याचं चांगलं उदाहरण आहे. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजी १९३७ साली इथे शिकवायला आले आणि पुढे इथलेच झाले, त्यांच्या पद्धतीत प्राणायामाची सुरुवात पाठीखाली घडी केलेलं ब्लँकेट घेऊन आडवं पडून होते. ताठ बसायचे कष्ट नाहीत, त्यामुळे सगळं लक्ष श्वासाकडे.

तर तुम्ही पण मुलांना झोपवा. हॉलमध्ये सतरंज्या टाका, मधल्या सुट्टीनंतरचा तास नको, डबा खाऊन दोन तास तरी झालेले हवेत. पाठीवर झोपायचं, गुडघे दुमडून तळपाय जमिनीला, आणि पोटावर प्रत्येकाने आपली कंपासपेटी ठेवायची. बाकी काही सांगू नका, फक्त पेटी बघा म्हणायचं. सुरुवातीला हसतात, पेट्या खडाखड पडतात, पडू देत. माझ्या वर्गात एका मुलाची पेटी जागची हलतच नव्हती, छाती वर-खाली, खांदे कानापाशी, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, म्हणजे श्वास ‘छान घ्यायचा’ म्हणून तो जीव तोडून घेत होता. मी म्हटलं, अरे घेऊ नकोस, गरम दुधावर फुंकर घालतो तसा नुसता सोड, हळू, संपेपर्यंत. दोन-तीनदा सोडल्यावर पेटी खाली गेली आणि मग आपोआप वर आली. त्याने मान उचलून बघितलं आणि ओरडला, ‘बाई, हलली!’

माझं सगळं शिकवणं तिथूनच सुरू होतं. श्वास सोडायला शिकवा, घेणं त्याचं तो बघतो. आणि मोजून घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. तुम्ही एक-दोन-तीन-चार म्हणता तो तुमचा श्वास असतो, समोरच्या पन्नास जणांत एखादी चणीने लहान मुलगी असते, तिचा श्वास दोनलाच भरतो, मग ती तुम्हाला गाठायला हवा गिळते आणि तिथेच गडबड होते. त्यापेक्षा भ्रामरी घ्या, म्म्म करत गुणगुणलं की बाहेर जाणारा श्वास आपोआप लांबतो आणि प्रत्येकाचा सूर आपल्या दमाने संपतो, मुलांना ती आवडते पण फार. पाच-सहा वेळा पुरे. श्वास रोखून धरणं, कुंभक वगैरे शाळेत अजिबात नको.

अजून एक, दम्याच्या मुलांचा पंप दप्तरात नको, त्यांच्या हाताशी हवा. आणि या वयाच्या मुली पाळी आलीय हे सांगत नाहीत, त्यामुळे ‘आज कुणाला नुसतं पडून राहायचंय त्यांनी खुशाल राहा’ असं दर तासाला सगळ्यांनाच म्हणत जा, कुणाला विचारावं लागू नये.

प्रश्न : अनुलोम-विलोम, म्हणजे एकेका नाकपुडीने आलटून पालटून श्वास, करताना मुलं म्हणतात एक नाकपुडी बंदच आहे. काय करू?
— एक योगशिक्षक, कोथरूड

उत्तर : बऱ्याचदा तो आजार नसतो. कुठलीतरी एक नाकपुडी जास्त मोकळी असते आणि काही तासांनी ते बदलतं, बहुतेक सगळ्यांचंच असं होतं, मुलांना हे सांगितलं की त्यांना फार मजा वाटते. पण सर्दी असेल, किंवा पावसाळ्यानंतर आपल्याकडे गाजरगवताची ॲलर्जी होते तसं काही असेल तर त्या दिवशी नाक धरायचंच नाही, भ्रामरी किंवा नुसतं शवासन. बाकीच्यांचीही बोटं बघत चला, मुलं नाक चिमटीत पकडून वाकडं करतात. नाकाचं हाड संपतं त्याच्या खालच्या मऊ भागावर अंगठा फक्त टेकवायचा, आणि कोपर वर तरंगत ठेवायचं नाही, नाहीतर खांदा भरून येतो आणि पोरगं श्वास विसरून हातच सांभाळत बसतं.