तिसऱ्या मुलाचं तिकीट

ऑगस्ट संपता संपता माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या जोडप्यांच्या भांडणाचा विषय बदलतो. एरवी सासू, मोबाइल, मुलांचा अभ्यास. मग एकदम सहल. बडोद्यात दिवाळीच्या सुट्टीत घरी थांबलात तर लोक तब्येतीची चौकशी करतात. भाऊबीज झाली की अर्ध्या सोसायटीला कुलूप. प्रश्न दरवर्षी साधारण एकच असतो. मुलं लहान आहेत, हेच वय आहे, एकदा तरी मोठ्या थीम पार्कला न्यावं असं वाटतं, पैसे थोडे कमी पडतायत, कर्ज काढावं का? आणि नाहीच नेलं, तर मुलांचं काही हुकेल का?

यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. एका जोडप्याची हकीकत आहे. त्यांना विचारून लिहितेय, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीत ते एका शनिवारी आले. तो औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला, ती शाळेत शिक्षिका, घर मांजलपूरला. थोरली मुलगी साडेसहा वर्षांची, धाकटा पावणेचार वर्षांचा. बसल्या बसल्या त्याने प्लास्टिकच्या फोल्डरमधून कोटेशन काढलं. सिंगापूर, पाच रात्री, चौघांचे ३ लाख १० हजार. हातात १ लाख १० हजार होते, उरलेले दोन लाख पर्सनल लोन. व्याज १४ टक्के, मुदत २४ महिने.

"महिन्याला ९,६०० चा हप्ता येतो. दोघांचा पगार आहे, सहज निघेल."

"सहज?" ती म्हणाली. "माझी पाच हजारांची भिशी आहे, ती कोण भरणार?"

"भिशी बंद कर ना दोन वर्षं."

यावर ती काही बोलली नाही. पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळत बसली. माझ्या धंद्यात बोलणाऱ्यापेक्षा गुंडाळणाऱ्याकडे लक्ष ठेवायचं असतं.

घाई कशाची, असं मी विचारलं. एजंटने सांगितलं होतं की युनिव्हर्सल स्टुडिओला चार वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. धाकटा जानेवारीत चार पूर्ण करणार, म्हणजे दिवाळीत गेलं तर त्याचं तिकीट वाचतं. हिशेब खरा होता. पण विमानात दोन वर्षांच्या पुढे मुलाला स्वतःची सीट घ्यावी लागते आणि तिचं भाडं जवळजवळ मोठ्यांइतकंच असतं, हे मात्र त्याच कोटेशनमध्ये मुकाट्याने मिळवलेलं होतं. पार्कचं एक तिकीट वाचवायला तीन लाखांची सहल पुढे ओढायची, याला आमच्याकडे स्वस्त मिळाली म्हणून म्हैस घेणं म्हणतात.

पहिल्या भेटीत मी सल्ला दिला नाही, गृहपाठ दिला. दोन्ही मुलांना भिंतीला उभं करून उंची मोजा. कोटेशनमध्ये जे नाही ते सगळं एका कागदावर लिहा. आणि येत्या रविवारी मुलांना घेऊन आजव्याला, आतापी पार्कला जाऊन या. वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. जमेल तितका वेळ थांबा आणि घड्याळ बघत राहा.

"आजवा?" तो म्हणाला. "मॅडम, आम्ही सिंगापूरचं बोलतोय."

रंगीत तालीम समजा, म्हटलं.

पंधरा दिवसांनी आले तेव्हा कागद तिच्या हातात होता. थोरली ११४ सेंटीमीटर, धाकटा ९४. नियम तिनेच शोधून काढले होते, शिक्षिकाच ती. ट्रान्सफॉर्मर्सच्या राइडला किमान १०२ सेंटीमीटर लागतात, ममीच्या रोलर कोस्टरला १२२. म्हणजे एका राइडला धाकटा बाहेर, दुसऱ्या राइडला दोघंही बाहेर. अशा वेळी एकाने मुलांजवळ थांबायचं, दुसऱ्याने बसून यायचं आणि मग पुन्हा रांग न लावता अदलाबदल करायची, अशी सोय मोठ्या पार्कमध्ये असते. तीही तिने वाचली होती. पण मग चौघांनी मिळून करायचं काय उरलं, हा तिचा प्रश्न होता.

कोटेशनबाहेरच्या कागदावर तिच्या बारीक अक्षरात दोन्ही बाजू भरलेल्या. मुलांचे दोन पासपोर्ट. अहमदाबाद विमानतळापर्यंत जायची-यायची गाडी. विमा. पार्कमधलं दुपारचं जेवण, कारण बाहेरचं आत नेता येत नाही आणि धाकटा एक बटाट्याचा तुकडा खाऊन ताट सरकवतो. ढकलगाडीचं भाडं. लॉकर. राइडवर काढलेला फोटो. राइडमधून बाहेर पडायचा रस्ता दुकानातूनच जातो, तिथलं काहीतरी, आणि ते दोन मुलांना दोन. सगळ्यात शेवटी 'द्यायच्या वस्तू', सासर-माहेर मिळून अकरा घरं. बेरीज ५८ हजार. शिवाय परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकतानाच घेतलेला आगाऊ कर, कापला जातो. तो आयकर भरताना वळता होतो हे खरं, पण पैसे आधी खिशातून जातात.

हे ५८ हजार कुठून येणार होते? क्रेडिट कार्डावरून. हे त्याने सांगितलं नाही, मी विचारल्यावर मान हलवली. पर्सनल लोनचं १४ टक्के व्याज वर्षाला असतं. कार्डाची बाकी थकली तर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात जातं. बहुतेक घरांत सहलीचं ओझं होतं ते इथून, तिकिटांतून नव्हे. तिकिटाचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. वरखर्चाला कोणी वाली नसतो.

आजव्याची हकीकत मात्र दोघांनी हसत सांगितली. सकाळी अकराला आत गेले. थोरली पाळण्यांवर खूश. धाकटा पहिल्या अर्ध्या तासात दोन राइडमध्ये बसला, मग त्याला एक गळका नळ सापडला. नळाखाली चप्पल धरायची, पाणी भरलं की ओतायचं, पुन्हा धरायची. पाऊण तास! बाबा सांगतोय, "अरे, त्यासाठी तिकीट काढलंय का?" आणि आई सांगतेय, "राहू दे, रडत तर नाहीये." अडीच वाजता तो खांद्यावर झोपला, तीनला थोरलीचे पाय दुखायला लागले. साडेतीनला सगळे गाडीत.

"साडेचार तास," ती म्हणाली. "घरी बसून कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं."

इथे बरेच जण म्हणतात, एवढ्या लहान मुलांना नेऊच नका, त्यांना आठवणार आहे का? तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी जवळजवळ काही आठवत नाही, हे बरोबरच आहे. पण हा युक्तिवाद मला कधीच आवडला नाही. आठवणार नाही म्हणून मग वरण-भातही कशाला भरवायचा? आनंद त्या दिवसापुरता झाला तरी झालाच. मला खुपत होतं ते वेगळं. मुलांची मजल साडेचार तासांची आणि एका गळक्या नळाची, हे दोघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी तो फोल्डर बंद करायला तयार नव्हता.

"मग सिंगापूर कोणासाठी?" मी विचारलं.

ती पटकन म्हणाली, "जाऊबाईंसाठी." मागच्या वर्षी त्याचा मोठा भाऊ सहकुटुंब जाऊन आला होता. युनिव्हर्सलच्या दारातल्या त्या फिरत्या पृथ्वीसमोरचा चौघांचा फोटो सासूबाईंनी हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावला होता. "रोज जेवताना समोर तोच असतो, ताई."

मला वाटलं, झालं, सापडलं. अशा वेळी समुपदेशकाने आपल्यावर खूश व्हायचं नसतं, हे मला वीस वर्षांनीही लक्षात राहत नाही. कारण तो एकदम म्हणाला, "फोटोचा काही संबंध नाही." आणि मग बराच वेळ गप्प बसला.

सहावीत असताना त्याच्या शाळेची सहल मुंबईला एस्सेलवर्ल्डला गेली होती. साडेसहाशे रुपये. वडील कारकून, त्या महिन्यात बहिणीचं आजारपण. "पुढच्या वर्षी," वडील म्हणाले. पुढच्या वर्षी सहल द्वारकेला गेली. एस्सेलवर्ल्डहून आलेली मुलं आठवडाभर तेच सांगत होती, होडीतून जावं लागतं, मग लांबूनच पाळणे दिसायला लागतात. तो शेवटच्या बाकावर बसून ऐकायचा. पुढे नोकरी लागल्यावर जाऊ म्हणाला, तेही राहिलं. आणि आता ते पार्कच बंद पडलं.

"मी नाही सांगणार माझ्या मुलांना पुढच्या वर्षी," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण तिने पर्सचा बंद सोडला आणि त्याच्याकडे पाहिलं. नऊ वर्षांच्या संसारात हे तिने पहिल्यांदा ऐकलं होतं.

मी म्हटलं, तुमच्या हिशेबात चूक आहे. मुलं दोन धरलीत, आहेत तीन. तिसरा बारा वर्षांचा आहे, त्याची उंची भरपूर आहे आणि सगळ्यात जास्त हट्ट त्याचाच आहे. त्याला नेऊ नका असं मी म्हणत नाही, उलट नक्की न्या. फक्त त्याचं तिकीट धाकट्याच्या नावावर काढू नका.

त्यानंतरची भेट निव्वळ आकड्यांची झाली, आणि मला ती फार आवडली. त्याने स्वतःच मांडलं. या वयात मुलं वर्षाला साधारण सहा सेंटीमीटर वाढतात. दोन वर्षांनी थोरली १२६ च्या आसपास, धाकटा १०६. दोघंही आपापल्या रेघेच्या वर. दोन लाखांच्या कर्जावर ३०,४०० रुपयांच्या वर व्याज जाणार होतं. तोच ९,६०० चा हप्ता सहलीनंतर भरण्याऐवजी आधी भरला, रिकरिंगमध्ये, तर २४ महिन्यांत २ लाख ३० हजार मुद्दल जमतं. साडेसहा टक्के धरले तरी वर पंधरा-सोळा हजार. धाकट्याचं तिकीट लागेल. लागू दे, पैसे भरल्यासारखा काहीतरी खेळेल तरी. आणि भिशी चालू राहील, हे त्याने न सांगता कागदावर लिहिलं. ती त्या ओळीकडे बराच वेळ बघत होती.

या दिवाळीला काय, तर खोपोलीचं इमॅजिका. त्याच्या आईचा आग्रह होता की डोंबिवलीच्या आत्याकडे उतरा, हॉटेलचे पैसे कशाला? नातेवाइकांकडचा मुक्काम फुकट असतो हा आपल्या लोकांचा गोड गैरसमज आहे. मिठाई, साडी, शिवाय दोन वेळा "एवढ्या लवकर निघताय?" शेवटी दोन रात्री आत्याकडे, एक रात्र पार्कजवळ, असं ठरलं. रेल्वेत पाच वर्षांखाली तिकीट नाही, त्यामुळे धाकटा आईच्या बर्थवर. थोरलीला बर्थ हवा म्हणून पूर्ण भाडं. पार्कात जायचं मंगळवारी, कारण शनिवार-रविवारची गर्दी लहान मुलांना पायांनी मोजावी लागते.

मी एकच भर घातली. 'नाही' हा शब्द घरी म्हणून टाका. तिकीट खिडकीवर, दुकानात, आइस्क्रीमच्या गाडीसमोर म्हटलेला 'नाही' मुलाला शिक्षेसारखा लागतो. आठ दिवस आधी जेवताना म्हटलेला नियमासारखा. थोरलीला एक पाकीट द्या, त्यात पाचशे रुपये. त्यात काय घ्यायचं ते तिचं, उरले तर तिचे, संपले तर संपले. मध्येच द्रवून वर शंभर घातले तर पाकिटाला अर्थ नाही. तिच्या आईला हे पटलं. बाबाला अवघड गेलं. साडेसहाशे रुपये आठवणाऱ्या माणसाला पाचशेवर थांबणं सोपं नसतं.

डिसेंबरात चौघंही येऊन गेले. खर्च सगळा मिळून ३६ हजारांच्या आत, कार्डाला हात नाही. थोरलीने पाकीट दिवसभर गळ्यातल्या पिशवीत सांभाळलं. दर दुकानात जाऊन किंमती विचारल्या, बाबाने दोनदा खिशात हात घातला आणि दोनदा बाहेर काढला. शेवटी एक पेन घेतलं आणि उरलेल्यांची बडोद्याला परत आल्यावर मैत्रिणीला सेव-उसळ खाऊ घातली. धाकट्याला विचारलं तर तो माझ्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसला होता. दुपारी हॉटेलवर परत आणून दोन तास झोपवलं होतं म्हणे, संध्याकाळी पुन्हा पार्क.

"आणि तिसरा?" मी विचारलं.

ती हसायलाच लागली. पार्कातला सगळ्यात मोठा रोलर कोस्टर, नायट्रो. मुलांना घेऊन ती सावलीत बसली आणि याला एकट्याला पाठवलं. पन्नास मिनिटं रांग. मध्ये दोनदा त्याने रांगेतून हात केला, तिसऱ्यांदा केला तेव्हा ती म्हणते चेहरा अगदी शाळेतल्या मुलाचा होता.

"कसं वाटलं?"

"बसलो, गाडी सुटली आणि मी डोळे मिटून घेतले," तो म्हणाला. "थांबल्यावरच उघडले. काही म्हणजे काही पाहिलं नाही, मॅडम. बाबांनी साडेसहाशे रुपये वाचवले ते बरंच केलं."