जॉगिंग सुरू केल्यावर पाच मिनिटांतच हृदयाचे ठोके 175 वर जातात. ते आटोक्यात कसे ठेवावेत?

तुमचं वय 38, जॉगिंग नुकतंच सुरू केलंय आणि पाचव्या मिनिटाला घड्याळ 175 दाखवतं. मी डॉक्टर नाही; बरीच वर्षं पळतोय, तेवढ्याच अधिकारावर लिहितो.

आधी आकडा खरा आहे का ते बघा. मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश टाकून त्वचेखालचा रक्तप्रवाह मोजतं. पट्टा सैल असला की पळताना ते ठोके सोडून कधीकधी पावलंच मोजू लागतं. पावलं बहुतेकांची मिनिटाला 160 ते 180 पडतात, म्हणून तुमच्या 175 चा मला जरा संशय येतो. थांबल्याबरोबर मनगटावर बोटं ठेवून 15 सेकंद नाडी मोजा आणि चारने गुणा. छातीवर बांधायचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, तो जास्त भरवशाचा.

आकडा खरा निघाला तरी लगेच घाबरू नका. 220 वजा वय या सूत्राने तुमची कमाल मर्यादा 182 येते, 208 मधून वयाच्या 0.7 पट वजा केली तर 181. पण दोन्ही सूत्रं सरासरीची. एखाद्याची मर्यादा त्याहून 10-12 ठोक्यांनी वर किंवा खाली असणं अगदी नेहमीचं. त्यामुळे मी सूत्रापेक्षा बोलण्यावर विसंबतो: पळताना सलग दोन वाक्यं बोलता आली तर वेग ठीक, शब्द तुटायला लागले तर जास्त.

सवय नसलेलं हृदय एका ठोक्यात कमी रक्त ढकलतं. स्नायूंची ऑक्सिजनची मागणी मात्र वेगानुसार वाढतेच, मग ती ठोके वाढवून भागवावी लागते. काही महिने नियमित व्यायाम झाला की एका ठोक्यात जास्त रक्त जातं आणि त्याच वेगाला ठोके कमी लागतात. टिकाऊ उपाय हाच. श्वासाच्या युक्त्यांनी फार फरक पडत नाही.

म्हणून सध्या वेग उतरवा, लाज वाटेल इतका. दहा मिनिटं चाला, मग एक मिनिट हळू पळा, दोन मिनिटं चाला, असं आलटून पालटून. फिरायला आलेल्या आजी तुम्हाला मागे टाकून गेल्या तर जाऊ द्या! आठवड्यातले बहुतेक दिवस असेच सोपे ठेवा. उकाड्यात, दमट हवेत किंवा अंगातलं पाणी कमी झालं की त्याच वेगाला ठोके चढत जातात, त्या दिवशी आणखी हळू. अपुरी झोप आणि पळण्याआधीची कडक कॉफीही आकडा वर नेते. ताप असेल तर पळूच नका.

महिना-दोन महिने असं करूनही फरक नसेल, किंवा बसल्या जागीही ठोके जास्त असतील, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. दोन्हींतल्या बिघाडाने ठोके वाढतात. छातीत दुखणं, भोवळ, शुद्ध हरपणं, ठोके अनियमित पडणं किंवा आकडा एकदम उसळून थांबल्यावरही खाली न येणं, यांतलं काहीही झालं तर व्यायाम तिथेच थांबवा आणि हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. छातीत दुखणं थांबत नसेल किंवा शुद्ध हरपली असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर वरची सूत्रं तुम्हाला लागू नाहीत, कारण ते औषध ठोके मुळातच दाबून ठेवतं. तुमची मर्यादा डॉक्टरांनाच विचारा.